प्रत्येक उड्डाणाचा डेटा तपासावा का? आणि तपासायचा तर कुणी?

धावपट्टी: डिसेंबर २०१४ मध्ये एअरएशियाचं ८५०१ हे विमान जावा समुद्रात कोसळलं. १६२ जण गेले. चौकशीत उघड झालं की रडर ट्रॅव्हल लिमिटरचा (शेपटीवरचं सुकाणू किती वळावं याला मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेचा) बिघाड त्याच विमानात त्या एका वर्षात २३ वेळा नोंदला गेला होता. मूळ कारण होतं सर्किट बोर्डावरचं तडकलेलं सोल्डरिंग. नोंदी होत्या, पण त्या एकत्र मांडून कुणी वाचल्या नाहीत. ब्लॅक बॉक्स आपण माणसं गेल्यावर उघडतो. क्विक ॲक्सेस रेकॉर्डर या सहज वाचता येणाऱ्या नोंदयंत्रातून जवळपास तीच माहिती विमान सुखरूप उतरल्यावरही काढता येते. मग ती रोज तपासायला हरकत कसली?

उंच घार: उदाहरण अर्धंच दिलंत. तो बिघाड एकट्याने विमान पाडणारा नव्हता. तो घालवण्यासाठी त्या यंत्रणेची वीज तोडणारे सर्किट ब्रेकर ओढले गेले, ऑटोपायलट सुटला आणि पुढे विमान स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल हरवलेल्या अवस्थेतून, बाहेर काढता आलं नाही. त्या क्षणी कॉकपिटमध्ये काय गोंधळ झाला असेल, ते त्या २३ नोंदींमधून कळलं असतं का?

शिवाय आकडा हातात आला की त्याची शिक्षा होते, हा माझा खरा आक्षेप. चाकं टेकताना बसलेला दणका मोजून वैमानिकाला जाब विचारू लागलात, तर तो मऊ उतरायला बघणार. ओल्या धावपट्टीवर नेमकं तेच घातक! तिथे चाकं ठामपणे टेकवावी लागतात. मऊपणाच्या नादात विमान तरंगत राहतं, पुढची धावपट्टी संपत जाते. तक्त्यात मात्र ते लँडिंग उत्तम दिसतं.

पानापक्कड: मी देखभालीच्या बाजूचा. इंजिनाच्या एक्झॉस्ट तापमानाचा कल बघून ते बिघडण्याआधी विमानावरून काढता येतं, यात आता वाद उरलेला नाही. पण घार म्हणतात ते खरं आहे, इंजिनाला नोकरीची भीती नसते.

धावपट्टी: शिक्षा नको, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियमच सांगतो. २७,००० किलोहून जड विमानांसाठी डेटा विश्लेषण सक्तीचं आहे, आणि ते दंडात्मक नसावं असं त्यातच लिहिलंय. आता दुसरी बाजू बघा. अस्थिर अप्रोच झाला, म्हणजे उतरताना वेग किंवा उंची नीट जमली नाही, तर गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं, हे प्रत्येक वैमानिक शिकतो. तरी फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं की अशा सुमारे ९७ टक्के वेळा विमान तसंच उतरवलं जातं. डेटा नसता तर सगळे नियम पाळतात असंच आपण समजत राहिलो असतो.

उंच घार: ९७ टक्के हे कळलं, पण का ते वैमानिकच सांगणार, आणि विश्वास असेल तरच सांगणार. म्हणून तर अमेरिकेत १९७६ पासून गोपनीय अहवाल नियामकाकडे न जाता नासाकडे जातात. आता मला सांगा, तोच डेटा इंधन बचतीच्या विभागाकडे गेला तर? वादळ दिसतंय म्हणून जादा इंधन घेणारा कॅप्टन तिथे यादीत तळाला जातो. पुढच्या वेळी तो किती घेईल?

धावपट्टी: हा मुद्दा मान्य. इंधन विभागाला फक्त एकत्रित आकडे द्यावेत. वैमानिकाची ओळख एकाच व्यक्तीकडे असावी, आणि ती व्यक्ती वैमानिक संघटनेने निवडावी. पण तपासणी थांबवायला माझी तयारी नाही.

उंच घार: तपासणी थांबवा असं मी म्हटलेलंच नाही. नावानिशी क्रमवारी आधी बंद करा, मग माझ्या प्रत्येक उड्डाणाचा डेटा खुशाल घ्या.