विश्रामबागवाड्याला कुलूप लावा म्हणणाऱ्यांना

पेठकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘पुण्याच्या विश्रामबागवाड्यातली चित्रप्रदर्शनं बंद करा. वारसा आहे तो, भाड्याचा हॉल नव्हे. कुलूप घालून जपा.’ वाचून डोकंच फिरलं. अहो, हा वाडा कुलपात होता कधी? दुसऱ्या बाजीरावाला तो जेमतेम ११ वर्षं लाभला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली. १८७९ च्या आगीत जळाला, तर वर्गणी निघाली. पुढे नगरपालिका, टपाल कचेरी. माणसांचा राबता होता म्हणून टिकला. शनिवारवाडा १८२८ ला जळाला, तो पुन्हा कोणी उभा केला? तट नि जोती बघा जाऊन.

सागवान: तो लिहिणारा मीच. राबता म्हणे! ते सुरूच्या झाडासारखे कोरलेले सुरूदार खांब, वरची कोरीव केळफुलं कधी जवळून पाहिलीत? दुसऱ्या एका वाड्यात प्रदर्शनाला गेलो होतो. पोरगा तुळईत चार इंची खिळा ठोकत होता. हटकलं तर म्हणे, ‘काका, नंतर पुट्टी भरू.’ सागवानात पुट्टी!

बिऱ्हाड नं. ७: पेशव्यांच्या वाड्यासाठी सगळे रडतात. आमच्या वाड्यात ११ बिऱ्हाडं, संडास एक. मालकाने कौलं फुटू दिली, मुद्दाम. पावसाळ्यात गाद्यांवर परात ठेवून झोपायचो.

मालकाचा नातू: महिना १८ रुपये भाड्यात कौलं? आजोबा वसुलीला यायचे ते चालत, रिक्षा परवडत नव्हती म्हणून!

बिऱ्हाड नं. ७: आणि बिल्डरकडून घेतलेले पैसे नेले कशातून, पाटीतून?

मालकाचा नातू: तुम्हाला फुकटात वन बीएचके मिळाला, तो विसरलात वाटतं.

पेठकर: अहो, धागा कशावर आहे?

बिऱ्हाड नं. ७: वाड्यांवरच आहे. तुम्ही कधी बादली घेऊन रांगेत उभे राहिलायत?

तुळशीबागवाली: जरा मी बोलू? माझ्या लेकीचं चित्र विश्रामबागेत लागलं होतं. सासूबाईंना घेऊन गेले. जन्मभर त्या वाड्याच्या मेघडंबरीखालून, म्हणजे कोरीव सज्ज्याखालून, तुळशीबागेत भांडी घ्यायला गेल्या, वर कधी पाऊल नाही. गुडघे धरत जिना चढल्या, खांबावरून हात फिरवला नि म्हणाल्या, ‘अगंबाई, आत असं आहे होय!’ चित्र बघायचं राहिलंच.

सागवान: म्हणजे चित्राची गरज नव्हतीच, हेच म्हणतोय मी.

तुळशीबागवाली: चित्र नसतं तर त्या कशाला आल्या असत्या, काका?

सागवान: ठीक. सासूबाईंपुरता उघडा ठेवा. पण चित्रं स्टँडवर लावा. एक जरी खिळा दिसला, तरी फोटो इथे टाकणार.

पेठकर: हे काल लिहिलं असतंत तर माझी झोप वाचली असती.

बिऱ्हाड नं. ७: आणि वन बीएचके फुकट नव्हता. ४० वर्षं परात धरली आहे.