बागेत नकोशा वाटणाऱ्या जिवाचा लळा लागलाय का कधी?

माझ्यापासून सुरू करते. कुंडीतल्या लिंबाची कोवळी पानं रोज कमी होत होती, एका पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली म्हणून पुसायला गेले तर ती हलली! लिंबाच्या फुलपाखराची अळी. तोवर अळी दिसली की चिमटीत धरून फेकायचे, त्या दिवशी का कोण जाणे राहू दिली. मग सकाळी उठल्या उठल्या आधी तिच्याकडे. शेवटून दुसरी कात टाकून ती पांढरट-तपकिरीची एकदम हिरवीगार झाली, पानाच्याच रंगाची, आणि बोट लावलं तर डोक्यामागून दोन केशरी शिंगं बाहेर काढून असा उग्र वास सोडला की बस. एवढासा जीव मला घाबरवत होता, मला तर भरूनच आलं. कोष करताना कमरेभोवती रेशमाचा एकच धागा घेऊन फांदीला बांधून घेतलं होतं तिने. झाड अर्धं बोडकं झालं पण नंतर फुटलं परत. तुमचेही अनुभव लिहा ना.

*

माझी गोगलगाय. रोपं खाते म्हणून रात्री टॉर्च घेऊन वेचायचो. एकदा एक काचेवर चढलेली, खालून तिचं तोंड दिसत होतं, काचेवरचं शेवाळ खरवडत चाललेली. जिभेवर हजारो बारीक दात असतात म्हणे, ते वाचलेलं पण प्रत्यक्ष बघितल्यावर हात पुढे होईना. वरच्या शिंगांच्या टोकाला डोळे, जरा हात लावला की डोळाच आत ओढून घेते, हळूच परत बाहेर. आता कोवळी रोपं उंचावर ठेवतो आणि पिकली पानं एका कोपऱ्यात तिच्यासाठी. फक्त उघड्या हाताने उचलू नका, उचललीच तर हात साबणाने धुवा, त्यांच्यातून माणसाला जंत होऊ शकतात.

*

आमच्याकडे खार. टांगलेल्या कुंडीतला काथ्या ओढून ओढून नेला, मी चिडून जाळी लावली. मग तिला तोंडात काथ्याचा मोठा गोळा धरून भिंतीवरून जाताना पाहिलं, घरटं बांधत होती. जाळी काढली.

*

पहिल्या अनुभवासारखंच माझंही, पण माझ्या कोषातून फुलपाखरू नाही आलं. कोष काळपट पडला, टाचणीएवढं भोक, आणि त्यातून मुंगीपेक्षाही लहान माश्या एकामागून एक बाहेर. त्यांनी आतल्या आत खाऊन टाकलं होतं. त्यांचाही तो जगायचाच मार्ग आहे हे कळतं, तरी दोन दिवस लिंबाकडे बघवलं नाही. आता दुसरी अळी आहे, चांगली मोठी झालेली, पण काल संध्याकाळपासून दिसतच नाहीये. पक्ष्याने नेली असेल का?

*

नसेलही! कोष करायच्या आधी त्या खाणं सोडतात आणि बऱ्याचदा झाडावरून उतरून लांब जातात. आजूबाजूच्या काठ्या, कुंडीच्या कडेची खालची बाजू, सगळं नीट बघा. हिरवाच कोष शोधू नका, वाळक्या काडीवर असेल तर तपकिरी असतो.

*

सापडली!! कुंडीमागच्या आधाराच्या काठीला, अगदी काठीच्याच रंगाची, मी दोनदा तिच्यावरून नजर फिरवली होती. धागा पण दिसतोय.