फक्त एसएसडीवरचा घरगुती सर्व्हर: वीज खरंच वाचते का, अन् नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल का?

मनीषनगर_वरचा_मजला

नमस्कार मंडळी. घरी एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून रात्रंदिवस चालू असतो. 3.5 इंची दोन हार्ड डिस्क आहेत. सगळ्यांच्या फोनमधले फोटो, बाबांनी वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलेली भजनं आणि थोडे सिनेमे, असा जेमतेम दीड टीबीचा संसार. फ्लॅट वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात डिस्कचं तापमान 55 अंशांच्या वर जातं आणि हॉलमध्ये झोपणाऱ्या आईला खरखर ऐकू येते ती वेगळीच.

दोन्ही हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) लावायचा विचार आहे. वीज बिलात किती फरक पडेल? आणि लाईन गेली की एसएसडी मरते असं ऐकलंय, त्यात कितपत तथ्य?

मीटरवाली_काकू

अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये जन्म गेला, त्यामुळे आधी मोजायचं, मग बोलायचं ही सवय.

सॉकेटला लावायचा वॅटमीटर आण आणि तुझा डबा नुसता बसलेला असताना किती खातो ते बघ. जुना डेस्कटॉप 50-60 वॅट सहज घेतो. त्यात फिरत्या हार्ड डिस्कचा वाटा प्रत्येकी 4-5 वॅट. म्हणजे डिस्क बदलून तुझे फार तर 8-9 वॅट वाचतील. उरलेले सगळे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि तो पॉवर सप्लाय खातोय. एसएसडी घेऊन त्याच डब्यात बसवलीस तर आईची झोप सुधारेल, बिल नाही.

हिशोब सोपा आहे. चोवीस तास चालणारा 1 वॅट म्हणजे वर्षाला 8.76 युनिट. 55 वॅटचा डबा महिन्याला जवळपास 40 युनिट खातो. 10 वॅटचा 7 युनिटच्या थोडा वर. शिवाय घरगुती दर टप्प्यांचे असतात, 100 युनिटपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, असे चढते. कुलर-एसी चालू झाले की आपण वरच्या टप्प्यात जातो, आणि वाचलेली युनिटं वरूनच कमी होतात. महागडी युनिटं आधी वाचतात, हे लोक हिशोबात धरतच नाहीत.

म्हणून मशीनच बदल. इंटेल एन100चा मिनी पीसी बघ. चार कोअर, कागदावर 6 वॅट. पण तो आकडा फक्त प्रोसेसरचा; प्लगपाशी रिकामं बसल्यावर 7 ते 10 वॅट धर. फोटो, भजनं, एखादा सिनेमा टीव्हीवर पाठवणं हे सगळं तो आरामात करतो. व्हिडिओचं रूपांतर ग्राफिक्सच्या भागात होतं, प्रोसेसरला घाम फुटत नाही.

आता ऊन. एसएसडी साधारण 70 अंशांपर्यंत चालवायची असते, हार्ड डिस्क 60 पर्यंत. त्यामुळे तुझी दिशा बरोबरच आहे. फक्त एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी) आणि साटा (हार्ड डिस्कसारखी जोडायची, हळू एसएसडी) यांत फरक कर. एनव्हीएमई त्या चिमुकल्या डब्यात तापते आणि मग स्वतःच वेग कमी करते. घरच्या गिगाबिट नेटवर्कला साटाचा वेगही जास्तच होतो, तेव्हा डेटा 2.5 इंची साटावर ठेव. डबा लॉफ्टवर ठेवू नको, आपल्याकडे दुपारी तिथे भट्टी पेटलेली असते. खाली, फरशीजवळ, भिंतीपासून चार बोटं सोडून. आणि कुलरच्या झोतात तर मुळीच नको. ओलावा येतो, आणि बोअरचं पाणी असेल तर कुलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो तो बघितलाच असशील. तसलं पाणी बोर्डावर उडायला नको.

बर्डीचा_जुगाडू

काकूनं म्हटलं ते एकदम बरोबर आहे भाऊ. पण नवाच काहून घेतो? बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, ऑफिसातून निघालेले छोटे पीसी भेटतात, थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो वगैरे. रिकामे बसले की 10 ते 15 वॅट. रॅम वाढवता येते, बोर्ड मजबूत राहते. फक्त घ्यायच्या आधी एसएसडीचा स्मार्ट रिपोर्ट पाहून घे, किती टक्के झिजली ते त्यात लिहून असते. दुकानदार "नवीनच आहे ना" म्हणतो, रिपोर्ट काही वेगळंच म्हणते.

अन् जास्तीच्या डिस्क जोडायले साटा कार्ड लावशील तर जेएमबी585 चिपवालं घेऊ नको. ते प्रोसेसरले गाढ झोपूच देत नाही, सारी बचत पाण्यात. एएसएम1166 चांगलं आहे.

मनीषनगर_वरचा_मजला

धन्यवाद दोघांनाही. एन100 पक्का. दोन एसएसडी घेऊन मिररिंग (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणं) करू का? आणि लाईनचं राहिलंच.

मीटरवाली_काकू

मिररिंग नको. एका डिस्कवर चुकून फोटो उडवलास तर दुसरीवरूनही त्याच क्षणी उडतो. त्यापेक्षा रोज रात्री एकीवरून दुसरीवर कॉपी चालव, आणि बदललेल्या, पुसलेल्या फायलींच्या जुन्या प्रती महिनाभर राहू दे.

लाईन जाण्याने एसएसडी लगेच मरत नाही. धोका असतो तो लिहिणं चालू असताना वीज गेली तर. घरगुती एसएसडीमध्ये कॅशमधला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, डेटा वीज गेल्यावर सांभाळणारे कपॅसिटर सहसा नसतात, त्यामुळे शेवटचं लिखाण हरवतं, क्वचित जास्तही बिघडतं. बरेचसे एन100 डबे 12 व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालतात, तेव्हा राऊटरसाठी मिळतो तसला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. मात्र तो किती अँपिअर देतो ते अ‍ॅडॅप्टरवरच्या आकड्याशी जुळवून बघ. जुगाडूने सांगितलेल्या ऑफिसवाल्या पीसींना 19-20 व्होल्ट लागतात, त्यांना हा चालणार नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघ. नाहीतर लाईन गेली की बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन बंद पडते.

जुन्या हार्ड डिस्क मात्र भंगारात देऊ नकोस. एसएसडीमध्ये डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठतो, आणि वीज न देता कपाटात ठेवली की तो भार हळूहळू गळतो; उष्णतेत जास्तच. घरगुती एसएसडीचं मानक असं की लिहिण्याची मर्यादा पूर्ण झालेल्या डिस्कने 30 अंशांत, विजेविना, वर्षभर डेटा टिकवावा. नवी डिस्क त्याहून खूप जास्त टिकते, पण आपलं बंद कपाट मे महिन्यात 30 अंशांवर असतं का? सर्व्हर फक्त एसएसडीवर चालव, पण भजनांची एक प्रत जुन्या हार्ड डिस्कवर घेऊन ती काढून ठेव आणि दर दोन महिन्यांनी ताजी कर.

बर्डीचा_जुगाडू

काकू, पॉवरटॉप (वीज कुठं जाते ते दाखवणारा प्रोग्राम) सांगायचं राहिलं. लिनक्स टाकलं की ते चालव भाऊ, अन् प्रोसेसर पॅकेज सी8, म्हणजे गाढ झोपेपर्यंत, जाते का ते पाय. जात नसेल तर बायोसमधी (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधी) एएसपीएम, म्हणजे जोडलेल्या कार्डांची वीज वाचवायची सोय, चालू कर. तिथंच वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग पण राहते. नाहीतर तू ऑफिसात, लाईन येऊन गेली, अन् आई फोन करते का भजन लागून नाही राहिलं म्हणून.