'रेस्ताउरो'ला जीर्णोद्धार म्हणावं का?

प्रश्न: कामिल्लो बोइतो (१८३६–१९१४) या इटालियन वास्तुविशारदावर टिपण लिहिते आहे. त्याच्या मांडणीत तीन क्रियापदं ओळीने येतात: कोन्सोलिदारे (बळकट करणे), रिपारारे (दुरुस्त करणे), रेस्ताउरारे (पूर्वरूपाला नेणे; यावरूनच नाम 'रेस्ताउरो'). शेवटच्याला 'जीर्णोद्धार' लिहिलं, पण मन खातंय.

उत्तर: मन खातंय ते योग्यच आहे, ताई. १८८३ साली रोमच्या परिषदेत बोइतोने सांगितलं ते असं: जुन्या वास्तूची दुरुस्ती करण्यापेक्षा तिला बळकटी द्यावी, आणि पूर्वरूपाला नेण्यापेक्षा दुरुस्तीवर थांबावं. म्हणजे तिसरी पायरी अगदी निरुपाय झाला तरच. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्यकर्म. शिखर नवं, रंग नवा, दाराशी देणगीदारांची पाटी. तो शब्द इथे घातला की वाक्याचा रोखच उलटतो. मी 'बळकटी', 'डागडुजी' आणि 'पूर्वरूप देणे' असे तीन घेईन.

बळकटी म्हणजे काय, ते कलोसियमच्या पूर्व टोकाला दिसतं. १८०६-०७ मध्ये रफाएले स्टर्न या वास्तुविशारदाने तिथे विटांचा भलामोठा धिरा उभारला. कमानींचे दगड निसटून जिथवर घसरले होते तिथेच, तसेच तिरपे, विटांत धरून ठेवले. एकही सरळ केला नाही.

आणखी एक जोडी सुचते: रफू आणि ठिगळ. रफू दिसू नये म्हणून करतात. बोइतोला ते नको होतं. नवा भाग वेगळ्या सामग्रीचा असावा, त्यावर साल कोरावं, असा त्याचा आग्रह. त्याच्या जन्माआधीच जुझेप्पे व्हालादिएर या वास्तुविशारदाने रोममधल्या तितुस सम्राटाच्या प्राचीन कमानीत हे केलं होतं. जुने भाग संगमरवरी, भर घातली ती त्राव्हेर्तिनो दगडाची, आणि नव्या खांबांवर उभ्या पन्हळी कोरल्याच नाहीत. जवळ गेलं की जुनं कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

प्रश्न: पण 'ठिगळ'मध्ये गरिबीची लाज आहे हो. 'जोड' चालेल?

उत्तर: चालेल, 'उघडी जोड' लिहा. मला स्वतःला ठिगळच आवडतं, कारण ते लपत नाही.

प्रश्न: आणि इटलीतल्या पादोव्हाच्या चर्चमधली वेदी? पंधराव्या शतकातला शिल्पकार दोनातेल्लो याची शिल्पं बोइतोनेच १८९५ मध्ये पुन्हा एकत्र बसवली. त्याला 'पूर्वरूप' म्हणू?

उत्तर: नको. मूळ रचना कशी होती यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. शिल्पं दोनातेल्लोची, क्रम बोइतोचा. तिथे साधं 'मांडणी' लिहा.