आयाहुआस्काच्या सामूहिक सेरेमनीची तयारी कशी करावी? सल्ला हवा आहे

रानवाट

नमस्कार मंडळी. मी आणि नवरा पेरूला जातोय. इकीतोसजवळ जंगलातल्या एका केंद्रात आठवडाभर मुक्काम, एक रात्र सोडून एक रात्र आयाहुआस्काची (भास घडवणाऱ्या, वनस्पतींच्या काढ्याची) सेरेमनी, आणि सोबत डझनभर अनोळखी माणसं. 'हे बेकायदा नाही का' असं कोणी विचारण्याआधीच सांगते : पेरूने २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनमधल्या मूळ रहिवाशांचं आयाहुआस्काविषयीचं पारंपरिक ज्ञान आणि वापर राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलाय. तेव्हा जावं की जाऊ नये यावर वाद नको. जायचंच आहे असं धरून बोला.

केंद्राने पथ्याची यादी पाठवली आहे. डुकराचं मांस, दारू, मीठ, साखर, तेल, शरीरसंबंध, सगळं बंद. एवढं खरंच लागतं का? दुसरं, अंधारात अनोळखी लोकांसमोर उलट्या करायच्या या कल्पनेनेच मला कसंतरी होतं. तिसरं, सामान काय न्यायचं?

आणि एक बारीकशी शंका. नवऱ्याला अँग्झायटीसाठी एस्सिटॅलोप्रॅम चालू आहे, कमी डोस. केंद्राला विचारलं तर उत्तर आलं, 'तीन दिवस आधी बंद करा, वनस्पती सांभाळून घेते.' चालेल ना?

कडूकाढा

रानवाट ताई, ती बारीकशी शंका नाही, मुख्य प्रश्न तोच आहे. बाकीचं नंतर. मी औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

या काढ्यात मुख्यतः दोन वनस्पती असतात. चाक्रुना नावाच्या झुडपाच्या पानांत डीएमटी हे भास घडवणारं रसायन असतं. ते नुसतं प्यायलं तर काही होत नाही, कारण आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम ते रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं. दुसरी ती वेल, जिच्यावरून काढ्याला नाव पडलं. तिच्यातले हार्मिन, हार्मालिन हे घटक त्या एन्झाइमला काही तासांसाठी गप्प बसवतात, म्हणून डीएमटी चढतं. आता हेच एन्झाइम सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायनही मोडतं, आणि एस्सिटॅलोप्रॅमचं काम सेरोटोनिन वाढवून धरणं. दोन्ही एकत्र आले की सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका : कापरं, घाम, धडधड, जुलाब, स्नायू ताठरणं, ताप भडकणं. माणूस दगावू शकतो. यातली वाईट गंमत अशी की कापरं, घाम आणि जुलाब आयाहुआस्काने एरवीही होतात. अंधारात, बाकीचे डझनभर लोकही घामाघूम असताना, एकाचं काहीतरी वेगळं बिघडतंय हे ओळखणार कोण?

'तीन दिवस' हा आकडा कुठून आला कळत नाही. एस्सिटॅलोप्रॅमचं अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण ३० तास. म्हणजे शेवटच्या गोळीनंतर ७२ तासांनीही जवळपास पाचवा हिस्सा अंगात उरतो. नैराश्यावरची जुनी एमएओआय औषधं (तीही हेच एन्झाइम बंद करतात) सुरू करायची झाली तर अशा गोळ्यांनंतर निदान दोन आठवडे थांबतात, फ्लुओक्सेटिन असेल तर पाच आठवडे. शिवाय गोळी झटकन तोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं आणि दबलेली अँग्झायटी उसळून येणं हे वेगळंच. तेव्हा स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. गोळी कमी करायची की नाही, आणि करायची तर कशी, हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. ते नको म्हणाले तर नको.

फक्त मनाच्या गोळ्यांपुरतं हे नाही. ट्रामाडॉल, लिथियम, एडीएचडीची उत्तेजकं, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या, 'नैसर्गिक' म्हणून मिळणारं सेंट जॉन्स वर्ट, ताकदीसाठी खाल्ली जाणारी कवचबीजाची पावडर (तिच्यात एल-डोपा असतं). सगळं केंद्राच्या मेडिकल फॉर्ममध्ये लिहा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, गरोदरपण, स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर, यातलं काही असेल तर लपवू नका. फॉर्म भरताना लोक नोकरीच्या मुलाखतीसारखं वागतात, आपल्याला नाकारतील म्हणून. अहो, नाकारलं तर तो फॉर्म कामी आला!

चिवट

+१. आणि 'वनस्पती सांभाळून घेते' असं लेखी पाठवणाऱ्या केंद्रात मी माझं सामानसुद्धा ठेवणार नाही.

तिसरा_प्रहर

मी जाऊन आले आहे, म्हणून बाकीच्या प्रश्नांवर लिहिते.

पथ्याबद्दल आधी. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ असते. मुरवलेलं चीज, सोया सॉस, खारवून टिकवलेलं मांस यांत टायरामिन असतं, आणि ते एन्झाइम बंद असताना त्याने रक्तदाब चढू शकतो. आयाहुआस्कात हा धोका जुन्या एमएओआय गोळ्यांइतका नसतो, पण मागेपुढे काही दिवस हे पदार्थ टाळण्यात जातंय काय? मीठ-साखर-शरीरसंबंध बंद ही मात्र तिथल्या 'दिएता'ची परंपरा. शिपीबो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांत वैदू व्हायला शिकणारी माणसं महिनोन्महिने असं राहतात. पाहुण्यांसाठी त्याची सौम्य आवृत्ती असते. ज्यांच्या घरी जातोय त्यांची रीत म्हणून मी पाळली, कुरकुर न करता. खरं तर थोडी कुरकुर केली. सेरेमनीच्या दिवशी दुपारी हलकं जेवायचं आणि मग काही नाही. पाणी घोट घोट.

उलटीची लाज. ताई, तिथे तिला 'पुर्गा' म्हणतात आणि ती औषधाचाच भाग मानतात. प्रत्येकाच्या मॅटशेजारी स्वतःची बादली असते. मालोका म्हणजे ती गोल, झावळ्यांनी शाकारलेली मोठी झोपडी. मेणबत्ती विझली की शेजारचासुद्धा दिसत नाही, फक्त ऐकू येतं. कुणी ओकतंय, कुणी हसतंय, कुणी हमसून रडतंय, आणि या सगळ्यावरून माएस्त्रोंचे, म्हणजे सेरेमनी चालवणाऱ्या वैदूंचे, इकारो (सेरेमनीतली गाणी) चाललेले. काढा पोटात गेल्यापासून अर्ध्या-एक तासात चढतो आणि चार ते सहा तास राहतो. तोवर कुणाला कुणाच्या बादलीकडे बघायला सवड नसते. गटात जड जातं ते वेगळंच : शेजारी रडत असताना त्याला हात लावायचा नाही, धीर द्यायचा नाही. आपली सवय नेमकी उलटी. ते काम मदतनिसांचं. म्हणूनच नवरा-बायकोने लांब लांब बसावं, नाहीतर रात्रभर तुमचं लक्ष त्याच्या श्वासाकडे.

एक अगदी साधी गोष्ट, जी कुणी सांगत नाही. उजेड असतानाच आपल्या मॅटपासून संडासापर्यंत दोनदा चालून या. पायरी कुठे आहे, दाराची कडी कुठल्या बाजूला आहे, ओल्या फळीवरून पाय कुठे सरकतो ते बघून ठेवा. रात्री पाय आपले राहत नाहीत. टॉर्च लाल उजेडाचा घ्या, पांढरा झोत कुणाच्या डोळ्यांत गेला तर शिव्या खाल. कपडे सैल आणि चटकन उतरणारे, कमरेला इलॅस्टिक. नाड्यांच्या गाठी नकोत. कारण सांगायला नकोच. अंगावर घ्यायला शाल, टॉयलेट पेपरचा आख्खा रोल, डासांसाठी पूर्ण बाह्या. अत्तर अजिबात नको.

आता जे मी सामानापेक्षा महत्त्वाचं मानते. पैसे भरण्याआधी केंद्राला विचारा : किती जण पिणार आणि न पिता शुद्धीवर असणारे मदतनीस किती? त्यात बाई आहे का? रात्री कुणाची तब्येत बिघडली तर बोटीने दवाखाना किती वेळावर? काढ्यात तोए घालता का? तोए म्हणजे ब्रुगमान्सिया, धोत्र्याची बहीण. तिच्यात स्कोपोलामिन असतं, आणि त्याचं भ्रमिष्टपण फार भयंकर. आणि 'शुद्धी'च्या नावाखाली कांबो, म्हणजे बेडकाचा स्राव, पॅकेजमध्ये बसवलाय का? त्यासोबत भरमसाट पाणी पाजतात, रक्तातलं सोडियम कोसळून जीवही जाऊ शकतो. नाही म्हणायचा हक्क तुमचा.

बायकांसाठी आणखी एक. या क्षेत्रात लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी इतक्या झाल्यात की चाक्रुना इन्स्टिट्यूट या अशा वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेने त्यावर वेगळी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे, ती वाचूनच जा. अंगाला हात लावून, एकटीला बाजूला नेऊन 'उपचार' हवेत असं कुणी म्हणालं, मग तो कितीही मोठा माएस्त्रो असो, तर थेट नको म्हणायचं आणि इतरांना सांगायचं.

आडवाट

नैराश्यावर याचा संशोधनातून फायदा सिद्ध झालाय ना? मग डॉक्टर नाही का म्हणतात?

कडूकाढा

'सिद्ध' हा शब्द जरा लवकर होतोय. ब्राझीलमध्ये नाताल शहरात एक चांगली चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली. उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २९ रुग्ण, एकच डोस, काहींना खोटा काढा. तो खोटा काढाही कडवट-आंबट आणि पोट ढवळेल असा केला होता, म्हणजे पटकन ओळखता येऊ नये. आठवड्यानंतर खरा काढा घेतलेल्यांत सुधारणा जास्त दिसली. पण ती माणसं आधी गाळून घेतलेली, त्यांच्या गोळ्या रीतसर बंद केलेल्या, आणि डोस रुग्णालयात दिलेला. जंगलातल्या 'तीन दिवस आधी बंद करा'ला त्या चाचणीचा आधार घेता येत नाही.

रानवाट

सगळ्यांचे आभार. अपडेट देते. नवऱ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं, या वर्षी गोळी कमी करायचीच नाही. तो आधी हिरमुसला, मग म्हणाला की सोबत येतो, पिणार नाही. जुन्या केंद्राला तोए आणि मदतनिसांबद्दल विचारलं तर 'विश्वास ठेवा' एवढंच उत्तर आलं. अ‍ॅडव्हान्स सोडून दिला. दुसऱ्या एका ठिकाणी विचारलंय, त्यांनी पैशांआधी चार पानी मेडिकल फॉर्म आणि डॉक्टरांचं पत्र मागितलं.

न पिणारा माणूस मालोकात बसू शकतो का? आणि सेरेमनीआधी कुस्को, माचू पिक्चू करून घ्यावं का?

तिसरा_प्रहर

बसू देतात की नाही हे केंद्रावर आहे, आधी विचारा. माझं मत, त्याने खोलीतच झोपावं. शुद्धीत राहून सहा तास ते आवाज ऐकणं सोपं नाही, आणि तुमचं मन त्याच्याकडे राहील ते वेगळंच. त्याला पथ्याचीही गरज नाही, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवायच्या.

कुस्को नंतर ठेवा. ते सुमारे ३४०० मीटरवर आहे, विरळ हवेने डोकं धरलेल्या अवस्थेत जंगलात कशाला उतरायचं? पण सेरेमनी संपल्या की दुसऱ्याच दिवशी विमानही पकडू नका. दोन-तीन दिवस नुसते मोकळे ठेवा, आणि त्या भारावलेपणात नोकरी सोडण्याची वगैरे घोषणा नको. उरलेला काढा 'आठवण' म्हणून बाटलीत घालून देतो म्हणाले तर घेऊ नका, डीएमटी बहुतेक देशांत बंदीच्या यादीत आहे. विमानतळावर वारसा वगैरे कुणी ऐकून घेणार नाही.

चिवट

इकीतोसला रस्ता नाही, विमान किंवा बोट. पावसात विमानं लांबतात, तेव्हा पुढचं तिकीट चिकटून काढू नका. आणि त्या भागासाठी यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, नवऱ्यालाही. मलेरियाची गोळी कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचाराल तेव्हा आयाहुआस्काचं नाव घेऊनच विचारा, मेफ्लोक्विनसारख्या काही गोळ्या डोक्यावर परिणाम करतात.