हौस आणि सवय : ठाणे-नवी मुंबईतल्या बायकांचे अनुभव

नौपाड्यातल्या चाळीत आमची आई ब्लाऊज शिवायची. कोपऱ्यावरच्या दुकानात शिवणारे काका ‘मास्तर’, आणि आई ‘ब्लाऊजवाल्या काकू’. मास्तरांकडे बिघडलेला कटोरी ब्लाऊज बायका आईकडे घेऊन यायच्या. ती मुंढ्यावरून अंगठा फिरवायची, दोन टाके उसवायची, कापड अर्धं पेर सरकवायची, की गळा बरोब्बर बसायचा. मास्तर शिलाईचे दीडशे घेत. आईच्या हातावर चाळीस ठेवताना बायका म्हणत, “तुमची आपली हौस!” बाबाही तेच म्हणायचे. त्या हौसेतूनच माझ्या डिप्लोमाची फी भरली गेली.

मागच्या महिन्यात तिची मान आणि मनगट दाखवायला नेलं. एक्सरे बघत डॉक्टर म्हणाले, “या वयात बायकांना सवय झालेली असते दुखण्याची.”

हौस आणि सवय. हे दोन शब्द तुमच्या घरात कुणाबद्दल वापरले गेले? सविस्तर लिहा. पुरुषांनीही लिहा. नावं नकोत, राहता तो भाग सांगितला तरी पुरे.

कळवा

मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचे. चढाईला आलेली मुलगी निदान रेषा ओलांडून पाय लांबवते, तेव्हाच तिचा घोटा धरायचा असतो. जरा आधी झेपावलात तर ती निसटते, उशीर केलात तर गुण गेला. ती वेळ मला कळायची. सर म्हणायचे, हे शिकवून येत नाही.

भाऊपण खेळायचा, माझ्याहून कमीच. हे तोच सांगतो. त्याला रोज चार अंडी, मला मात्र “अंग सुटतंय तुझं”. मातीवर खेळून गुडघे काळे पडले होते, खांदे भरले होते. एकोणिसाव्या वर्षी स्थळ आलं. मुलाच्या आईनं माझा दंड चिमटीत धरून बघितला आणि आमच्या आईला म्हणाली, “अंगानं जरा पुरुषीच वाटते.” दुसऱ्या दिवसापासून सराव बंद. आई महिनाभर माझ्या गुडघ्यांना साय आणि लिंबू चोळत होती. चोळताना रडायची, पण थांबली नाही.

भाऊ खेळाडू कोट्यातून नोकरीला लागला. त्याचेही गुडघे काळेच आहेत.

२०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारतानं जिंकला, त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. मी तो निकाल भाकऱ्या थापता थापता ऐकला. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. बायकांसाठी २०१६ ला तीनच संघांची एक स्पर्धा भरवली, ती एका हंगामात आटोपली.

जांभळी नाका

आई पंचवीस वर्षं भाजी विकते. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, कारण जवळपास जायला जागा नाही. लघवीला जळजळ व्हायची तेव्हा तिनं कधी सांगितलं नाही. ताप चढला तेव्हा कळलं. शेजारचे गाळेवाले आडोशाला जाऊन येतात, त्यांच्या बाटल्या भरलेल्या असतात.

नेरूळ

माझं दुसरं सिझर होतं. हिमोग्लोबिन साडेआठ. सासूबाई, नवरा आणि माझी स्वतःची आई, तिघांनी मिळून ठरवलं की पोट उघडणारच आहेत तर हातासरशी मुलं बंद करायचं ऑपरेशनही उरकून घेऊ. मी नवऱ्याला म्हटलं, तू करून घे की. खोलीत सगळे एकदम गप्प झाले, जशी काही मी शिवीच दिली. सासूबाई म्हणाल्या, “त्याला कामावर जायचं असतं, अशक्तपणा आला तर?”

कामावर मीही जात होते, ऐरोलीला, सकाळी सातच्या शिफ्टला. फॉर्मवर सही माझीच आहे, त्यामुळे तक्रार करायचीही चोरी.

वाशी (मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे)

नेरूळच्या ताई, सिझरच्या वेळी ते करून घेणं सोयीचं असतं हे खरं. पण अशक्तपणाचं कारण साफ खोटं. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून थोड्या मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. थोडे दिवस जड काम टाळायचं, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची. ताकद कमी होत नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के आहे. मी नवऱ्याला विचारते तेव्हा बऱ्याचदा उत्तर त्याची आई देते.

तुर्भे

मी पुरुष आहे. कांदा-बटाटा मार्केटात आमचा गाळा आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, अठरा वर्षं बायको करते. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून रात्री उशिरापर्यंत बसते. जुन्नरकडचे शेतकरी फोन केला की “वहिनींना द्या” म्हणतात. पाटीवर वडिलांचं, माझं आणि मुलाचं नाव आहे. मुलगा पुण्याला शिकतो, गाळ्यावर चार वेळा आला असेल.

परवा विम्याचा फॉर्म भरताना एजंटनं विचारलं, “मिसेस काय करतात?” मी म्हणालो, “काही नाही, घरीच असते.” ती समोर बसून पट्टीच जुळवत होती. मान वर केली नाही. एक आकडा खोडला आणि पुन्हा लिहिला. मला तेव्हापासून नीट झोप नाही.

नौपाडा

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात, पुरुषाची ९७. वहिनींच्या पट्ट्या त्या २९९ मध्ये धरलेल्याही नाहीत. पाटी रंगवायला किती खर्च येतो, तेवढं विचारून या.

घणसोली

आमची आजी धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, विधींची गाणी, म्हणणारी. आगरी लग्नात प्रत्येक विधीचा धवला वेगळा, तिला सगळे तोंडपाठ. वही नाही, कागद नाही. कुठला विधी कधी, हे मांडवातले जाणते पुरुषही तिलाच विचारतात. डीजेवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडीतून स्पीकर उतरवत नाही. आजीला लुगडं, नारळ आणि “आजीला हौस आहे गाण्याची”.

गेल्या हळदीला ती गात असताना डीजेवाल्यानं आवाज वाढवला. कुणी त्याला थांबवलं नाही. आजी गातच राहिली, नुसते ओठ हलताना दिसत होते. घरी येऊन बोलली, “मना काय, देवान आयकला.”

वरचं सगळं वाचून काल नवरीच्या बापाला फोन केला. रविवारी हळद आहे. सांगितलं, माईक आजीच्या हातात, धवले पुरे होईपर्यंत डीजे बंद, आणि बिदागी पाच हजार, निम्मी आधी. “धवलारिणीला कोण ॲडव्हान्स देतो?” म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही. आज सकाळी अडीच हजार पाठवलेत. आजीनं नोटा दोनदा मोजल्या आणि मला विचारलं, “हे कोनाचं पैसं?”