पदवीनंतर नोकरी की स्वतःचा गेम? आकडे मांडून बोलू

सह्यकडा (धागाकर्ता)
एका हातात आयटी कंपनीचं साडेतीन लाखांचं ऑफर लेटर, दुसरीकडे लॅपटॉपवर गोडो या मोफत गेम इंजिनात (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अर्धवट झालेला गेम. अंतिम वर्ष संपलं की कित्येकांपुढे हाच पेच असतो. माझं मत आधीच सांगतो: निदान दीड वर्ष नोकरी धरावी.

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, दहा डॉलरचा गेम लावला असं धरा. सवलती आणि देशोदेशीच्या कमी किमतींमुळे प्रत सरासरी सहा डॉलरला जाईल. परत केलेल्या प्रती आणि परदेशातला विक्रीकर गेला की उरतील पाच. त्यातले ३० टक्के स्टीमचे, म्हणजे हाती साडेतीन. हजार प्रती खपल्या, आणि अनोळखी माणसाच्या पहिल्या गेमसाठी हा आकडा लहान नाही, तर साधारण तीन लाख रुपये, तेही आयकराआधी. पुण्यात भागीत खोली आणि मेस मिळून महिना सोळा हजार धरले तर दीड वर्षात २ लाख ८८ हजार जातात. संगीत आणि कव्हरचं चित्र करून घेतलंत तर तो खर्च वेगळा.

गोडोवाली
गणित बरोबर आहे, पण पहिलाच गेम दीड वर्षाचा धरायचा कशाला? चार महिन्यांचा धरा. खेळाची एकच क्लृप्ती, पंधरा लेव्हल, संवाद नाहीत, मल्टीप्लेअर तर नाहीच. किंमत तीन डॉलर. तुमच्याच प्रमाणाने प्रतीमागे एक डॉलर सुटतो, हजार प्रतींचे नव्वदेक हजार. खर्च ६४ हजार.

पहिला महिना नुसत्या चौकोन-गोलांवर काढायचा. तो खेळ पाच अनोळखी माणसांना द्यायचा आणि शेजारी गप्प बसून बघायचं. कुणीच पुन्हा खेळायला मागितला नाही, तर कल्पना बदलायची. चित्रं काढायला घ्यायची नाहीत. बहुतेक जण नेमके इथेच चुकतात, कारण चित्रं काढताना काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. शेवटचा महिना मेन्यू, आवाजाची सेटिंग, कंट्रोलर आणि सेव्ह यांनाच लागतो. सेव्ह फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहा, नाहीतर पहिल्याच अपडेटला लोकांचे जुने सेव्ह मोडतात. मेन्यू मराठीत हवा असेल तर गोडो ४ घ्या. ३ मध्ये जोडाक्षरं तुटतात. युनिटी या दुसऱ्या इंजिनात अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोलाही हाच त्रास आहे.

बाविसाव्या वर्षी डोक्यावर घराचा हप्ता नसतो. तिशीत हेच चार महिने कुठून आणाल?

जुनाडाव
गोडोवाली, तीन डॉलरचं गणित एका ठिकाणी फसतं. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो. दीड तासात संपणारा गेम माणूस पूर्ण खेळून परत देऊ शकतो.

दुसरं, गेम चार महिन्यांत बांधून होईल, विकून होणार नाही. स्टीमची १०० डॉलरची फी भरल्यापासून ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही. स्टीमवर गेमचं 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे दिसावं लागतं, आणि बिल्डच्या (तयार गेमच्या फाइलींच्या) तपासणीचे दिवस वेगळे. हे झालं किमान. विशलिस्ट, म्हणजे 'पुढे घेईन' म्हणून गेम नोंदवून ठेवणारे लोक, साठायला खरे महिने लागतात. नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येणाऱ्या गेमच्या डेमोंच्या स्टीमवरच्या महोत्सवात, एका गेमला एकदाच जाता येतं. कच्चा डेमो घेऊन गेलात की ती संधी संपली. पगार चालू असेल तर पुढच्या फेस्टपर्यंत थांबता येतं. खिसा रिकामा असलेला माणूस घाईने गेम सोडतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम स्टुडिओचा 'राजी' आठवा. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे राहिले नाहीत, गेम आला २०२० च्या ऑगस्टमध्ये. मधली तीन वर्षं कुणाला तरी पोसावी लागतातच.

नीराकाठ
तुम्ही वेळ आणि पैसा मोजताय. मला ऑफर लेटरवरच्या सहीची जास्त काळजी आहे.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक कंपनी, करारात वेगळं काही नसेल तर. घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर केलेलं काम यात आपोआप येत नाही, पण कित्येक ऑफर लेटरमध्ये 'नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सर्व काही' असं वाक्य घालून ते आत ओढलेलं असतं. जोडकामाला बंदी असते ती वेगळीच. विप्रोने २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं. म्हणून सही करण्याआधी एचआरला ईमेल करा, गेमचं नाव लिहा आणि तो वगळल्याचं लेखी उत्तर मागा. तोंडी 'चालतं हो' म्हणाले तर त्याला किंमत नाही. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे का आणि बॉण्ड किती रकमेचा, तेही वाचा.

स्वतंत्र काम करणारेही इथे फसतात. संगीतकाराला पैसे दिले म्हणून संगीत तुमचं होत नाही, लेखी हस्तांतरण लागतं. कलम १९ नुसार मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वेगळं लिहिलेलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क संपतो. जगभर विकायच्या गेमला हे तिन्ही मुद्दे मारक आहेत.

गोडोवाली
मग हा माझ्याच बाजूचा मुद्दा झाला. सहीच नको.

जुनाडाव, परताव्याचं मान्य. खेळ तीन तास तरी पुरायला हवा, म्हणजे चाराचे सहा महिने होतील. विशलिस्टला महिने लागतात हेही मान्य, म्हणून स्टीमचं पान दुसऱ्या महिन्यातच लावावं. पण दिवसभर कोड लिहून आलेला माणूस रात्री आठवड्याला आठ तास देतो. त्या गतीने सहा महिन्यांच्या पूर्णवेळ कामाला अडीच वर्षं लागतात, आणि तोवर प्रकल्प मरतो.

सह्यकडा
आठ तासांचा हिशोब खोडता येत नाही. तरी नोकरीवर मी ठाम आहे. मात्र निकाल आणि जॉइनिंग यांत अनेकदा काही महिने जातात, ते वाया घालवू नका. गोडोवालीची पाच माणसांची चाचणी त्यातच उरका. कोड रोज गिटवर (प्रत्येक बदल तारखेसह नोंदवणाऱ्या साधनावर) चढवा आणि तो स्वतःच्या नसलेल्या सर्व्हरवरही ठेवा, म्हणजे सहीआधीच्या तारखा राहतील. नीराकाठने सांगितलेल्या ईमेलला त्याच नोंदी जोडा.